जुन्या गाडीचा धूर कुठून जातो?

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला तीन प्रश्न हटकून विचारले जातात. ॲव्हरेज किती देते, पार्ट मिळतात का, आणि विकायची आहे का? चौथा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही : गाडीचा धूर नेमका कुठून बाहेर पडतो? मला कोणी विचारले असते तर ‘मागून, दुसरा कुठून?’ असे उत्तर मीही बेधडक देऊन टाकले असते.

आमची गाडी १९६६ ची फियाट ११००. वडिलांनी ती दुसऱ्या हातची घेतली आणि त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली. मी शिकवतो इतिहास, तेव्हा यंत्रविद्येशी माझा संबंध तिच्यापुरताच. काही वर्षांपूर्वी दत्तजयंतीला आम्ही सांगलीहून नरसोबाच्या वाडीला निघालो. थंडीचे दिवस, म्हणून काचा बंद. मागच्या बैठकीवर माझी आई आणि माझी मुलगी. वाडीला पोचेपर्यंत आईचे डोके ठणकू लागले, मळमळ सुटली. उपवास आहे, पित्त झाले असेल, असे आम्ही ठरवून टाकले. परतताना पुन्हा तेच. आणि या वेळी मुलीचेही डोके दुखू लागले. आता आईचे पित्त समजण्यासारखे आहे, पण मुलीने तर वाडीत कवठाची बर्फी यथेच्छ खाल्लेली होती! एकाच बैठकीवरच्या दोन माणसांना एकाच वेळी एकच त्रास होतो, तेव्हा दोष माणसांत नसून बैठकीत असतो. हे मला घरी येऊन दोन दिवसांनी सुचले.

आमच्या मिस्त्रींनी गाडी चढावर घेतली, खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, “सर, ही गाडी मागून कमी आणि मधूनच जास्त धूर टाकते. घरच्यांना बसवलं होतं का हो हिच्यात?”

त्यांच्या त्या प्रश्नाने माझ्या अंगावर काटा आला. पेट्रोल अर्धवट जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याला जो धुराचा वास येतो तो इतर घटकांचा. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जितक्या ओढीने धरते, त्याच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने ते या वायूला धरून बसते. म्हणजे हवेत तो थोडासाच असला तरी रक्तात साठत जातो. आधी डोके दुखते, मग मळमळते, मग झोप येते. आणि मागच्या बैठकीवर कोणी झोपले तर ‘दमली बिचारी’ असे म्हणून आपण गाडी चालवीतच राहतो. म्हणून जुन्या गाडीच्या सायलेन्सरची गोष्ट ही निव्वळ आवाजाची किंवा हौशीची गोष्ट नव्हे, हे आधी सांगून टाकतो.

आता रचना थोडक्यात. इंजिनाला चिकटून बिडाचा एक फाटेफुटीचा नळ असतो, तो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. प्रत्येक सिलिंडरमधला धूर तो एका तोंडाशी आणतो. त्या तोंडाला फ्लँजने जोडलेला पुढचा पाइप, पाइपाच्या मागे सायलेन्सरचा डबा आणि डब्यामागे शेपटीसारखा टेलपाइप. डब्यात भोकाभोकांच्या नळ्या आणि आडवे पडदे असतात. धुराचे धक्के त्यांत विखुरतात आणि आवाज मरतो. सगळी यंत्रणा एवढीच. पण तिचे चार भाग सारखे नाहीत. इंजिनापासून जितके मागे जावे तितकी आपल्याला सूट अधिक. टेलपाइप कोणताही चालेल, डबा पुष्कळसा चालेल, पाइप वाकवून घेता येईल. मॅनिफोल्ड मात्र त्याच इंजिनाचा हवा. पुष्कळ जण नेमके याच्या उलट वागतात. मूळ कंपनीचा डबा मिळावा म्हणून वर्षभर गाडी उभी ठेवतात आणि तडकलेल्या मॅनिफोल्डवर कुठल्यातरी लेपाचा गोळा थापून देतात.

हे भाग खराब का होतात, हे कळले तर शोध अर्धा संपतो. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. खोटे वाटते ना? पण पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळतो आणि त्याचे पाणीच होते. इंजिन तापलेले असले तर ते वाफेच्या रूपाने निघून जाते. पण गाडी रविवारी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणली, तर डबा तापतच नाही आणि पाणी आतच थिजते. ते थोडे आम्लयुक्तही असते. म्हणजे डबा आतून सडतो आणि बाहेरून रंग झकास दिसतो! ‘आमची गाडी फारशी बाहेर निघतच नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांचेच डबे आधी फुटतात. महिन्यातून एकदा तरी पंचवीस-तीस किलोमीटर सलग चालवावी. नवा डबा करून घेताना त्याच्या सर्वांत खालच्या बिंदूला तीन मिलिमीटरचे एक भोक ठेवायला सांगावे. पाणी ठिबकून जाते आणि आवाजात काही फरक पडत नाही.

आता शोधाकडे येऊ. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात फियाट ११०० १९५४ पासून तयार होऊ लागली. १९७४ मध्ये तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे या गाडीचे भाग गल्लीबोळांत मिळत. दुकानदार माल ठेवतो तो आपल्या प्रेमाखातर नव्हे, खपतो म्हणून ठेवतो. आणि हजारो टॅक्सीवाले वर्षाकाठी सायलेन्सर बदलत, म्हणून आमच्यासारख्या हौशी मंडळींचेही भागत असे. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी हळवे लेख लिहिले. मला मात्र त्या दिवशी दुकानांतल्या फळ्याच दिसत होत्या. त्या आता पुन्हा भरायच्या नाहीत.

म्हणून जुन्या बाजारांना पर्याय नाही. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार आणि कुर्ल्याची भंगाराची दुकाने, दिल्लीचे काश्मिरी गेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट, ही सारी ठिकाणे जुन्या गाड्यांच्या लोकांना तीर्थक्षेत्रांसारखी पाठ असतात. तिथे जाताना एक गोष्ट करावी : गाडीचे नाव सांगू नये, माप सांगावे. ‘फियाटचा सायलेन्सर आहे का?’ असे विचारले की ‘नाही’ हे उत्तर तयार असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘आहे’ असे म्हणून दुसऱ्याच कशाचा तरी हातात दिला जातो. त्याऐवजी पाइपाचा बाहेरचा व्यास, डब्याची लांबी-रुंदी-जाडी, आत शिरणारा आणि बाहेर येणारा पाइप मध्यावर आहे की कडेला, फ्लँजच्या भोकांतले अंतर, हे सगळे व्हर्निअरने मोजून कागदावर आकृती काढून न्यावी. जुना भाग बरोबर नेता आला तर उत्तमच. मग दुकानदारही डोके चालवू लागतो. ‘थांबा सर, हे माप कुठंतरी पाहिलंय,’ असे म्हणून तो माळ्यावर चढतो.

मापात एक मोठी फसगत आहे, ती सांगून ठेवतो, कारण मी तिच्यात सापडलो होतो. विलायती आणि अमेरिकन गाड्यांची मापे इंचांत, इटालियन गाड्यांची मिलिमीटरमध्ये. दीड इंच म्हणजे ३८.१ मिलिमीटर, इथपर्यंत सोपे. पण नळकाम करणाऱ्यांच्या दुकानात जाऊन ‘दीड इंची पाइप’ मागितला तर तो बाहेरून भरतो ४८.३ मिलिमीटर! कारण पाण्याच्या पाइपाचे नाव ढोबळमानाने आतल्या पोकळीवरून पडलेले आहे आणि मोटारीच्या ट्यूबचे बाहेरच्या व्यासावरून. शिवाय पाण्याचा पाइप जस्त चढवलेला असतो. तो तापवला किंवा त्यावर वेल्डिंग केले की जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो. तेव्हा तो स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये.

दुसरी युक्ती म्हणजे गाडीची भावकी शोधणे. आमच्या इतिहासात जशा वंशावळी, तशा मोटारींतही असतात. अ‍ॅम्बॅसॅडर ही मॉरिस ऑक्सफर्डची लेक. तिचे १४८९ सी.सी.चे इंजिन इंग्लंडच्या ज्या बी-सिरीज घराण्यातले, त्याच घराण्यातली इंजिने तिकडच्या एम.जी. गाड्यांतही होती. मद्रासला तयार झालेली स्टँडर्ड हेराल्ड ही ट्रायम्फ हेराल्डची बहीण. महिंद्राची जुनी जीप म्हणजे विलीज. या गाड्यांचे सुटे भाग इंग्लंड-अमेरिकेत हौशी लोकांसाठी आजही नव्याने बनवले जातात आणि पार्सलने मागवता येतात. पण भावकी म्हणजे जुळी भावंडे नव्हेत. विलीजच्या जुन्या इंजिनात आत येणाऱ्या हवेचा आणि बाहेर जाणाऱ्या धुराचा असे दोन्ही नळ ब्लॉकच्या बाजूला एकमेकांना जोडलेले असतात. पुढच्या हरिकेन इंजिनात हवेचा मार्ग हेडमध्येच गेला आणि बाजूला धुराचा नळ तेवढा उरला. नाव जीपच, पण एकाचा भाग दुसऱ्याला लागत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी इंजिनाचे पॅकिंग त्या भागावर ठेवून पाहावे. पॅकिंगची भोके जुळली तर भाग जुळला.

आता आमच्या मॅनिफोल्डची हकीकत. मिस्त्रींनी दाखवले तेव्हा त्याला पाइपाच्या फ्लँजजवळ बोटभर लांब चीर गेलेली होती. कारण काय, तर मागच्या डब्याला लटकवणारी रबरी पट्टी तुटून पडली होती आणि कधी पडली हे कोणालाच ठाऊक नव्हते. इंजिन रबरी गाद्यांवर बसलेले असते, ते चालताना डोलते. म्हणून पाइप आणि डबाही रबरावर लोंबकळते ठेवावे लागतात. पट्टी गेल्यावर सगळे ओझे आणि सगळे हेलकावे मॅनिफोल्डच्या मानेवर आले. बीड दाब पुष्कळ सोसते, पण वाकवणे-हलवणे त्याला सोसत नाही. ते तडकते. टायरच्या एका तुकड्याअभावी गाडीचा सर्वांत दुर्मिळ भाग गेला! आणि तो धूर इंजिन व बैठक यांमधल्या पत्र्याच्या भोकांतून, जिथल्या वायरींभोवतीच्या रबरी बुशी केव्हाच कुजून गेल्या होत्या, सरळ आत येत होता.

आधी आम्ही जवळच्या वेल्डरकडे गेलो. त्याने साध्या लोखंडी रॉडने चीर भरून दिली, दिसायला सुरेख. आठ दिवसांत जोडाच्या शेजारून नवी चीर गेली. साध्या लोखंडात कार्बन अगदी थोडा. बिडात तो दोन ते चार टक्के असतो. एका जागी एकदम तापवून एकदम थंड होऊ दिले की ती जागा काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते. बिडाचे काम करायचे तर सगळा भाग आधी सावकाश तापवावा, निकेलचा रॉड वापरावा, थोडे थोडे भरावे आणि मग गरम राखेत किंवा वाळूत पुरून रात्रभर निवू द्यावा. हे पहिल्याच वेळी झाले असते तर आमचा मॅनिफोल्ड कदाचित वाचला असता. पितळ भरून जोडण्याचा सल्लाही काही जण देतात. तो थंड जागेसाठी ठीक. मॅनिफोल्ड लाल होण्याइतका तापू शकतो, तिथे पितळाचा भरवसा धरू नये.

दुसरीकडून मॅनिफोल्ड मिळेना, म्हणून नवा ओतून घ्यायचे ठरवले. सांगलीहून कोल्हापूर जवळ, आणि ओतकामासाठी कोल्हापुराइतके दुसरे चांगले गाव शोधायला नको. जुना मॅनिफोल्डच नमुना म्हणून द्यावा, त्याचा वाळूत साचा घ्यावा आणि बीड ओतावे, ही कल्पना माझी. ओतणाऱ्यांनी विचारले, “सर, पॅटर्न वेगळा नको का?” मी प्राध्यापकी थाटात म्हणालो, “मूळ वस्तू हाताशी असताना पॅटर्न कशाला?” ते हसले आणि मी सांगितले तसे करून दिले.

नवा मॅनिफोल्ड घेऊन घरी आलो. स्टडवर चढवायला गेलो तर एक टोक बसवले की दुसरे बसेना. मोजले तर दोन टोकांच्या भोकांत तीस सेंटिमीटरला तीन मिलिमीटर कमी! तापलेले पातळ बीड थंड होताना शेकडा सुमारे एकाने आकसते. मूळ वस्तूचाच साचा घेतला की नवी वस्तू तेवढी लहान निघणारच. म्हणून पॅटर्न करणाऱ्या सुताराजवळ खास पट्टी असते, तिच्यावरचे सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरहून तेवढ्याच प्रमाणात मोठे आखलेले असतात. शिवाय फ्लँजचे तोंड नंतर मशीनवर सपाट करावे लागते, त्यासाठी तिथे दोन-तीन मिलिमीटर जास्तीचा माल ठेवावा लागतो. तोही माझ्या नमुन्यात नव्हता. आतली पोकळी येण्यासाठी वाळूचा गाभा बसवतात, तो जरा सरकला तर एक भिंत जाड आणि एक पातळ होते. हे सारे त्या मंडळींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. मला ते तीन मिलिमीटरचा फटका खाऊन कळले.

दुसऱ्या वेळी त्यांच्या मताप्रमाणे लाकडी पॅटर्न केला. सगळ्या फ्लँजची तोंडे एकाच बांधणीत मशीनवर सपाट करून घेतली, म्हणजे ती एका पातळीत राहतात. मग काचेवर उपडा ठेवून फीलर गेजने पाहिले : कुठेही पट्टी आत शिरेना. पॅटर्नचा खर्च एका नगासाठी मुळीच परवडत नाही, हे खरे. पण आमच्या भागातल्या तीन-चार फियाटवाल्यांना विचारले, त्यांनाही हवेच होते. पॅटर्न आता माझ्या घरी माळ्यावर आहे.

जुना मॅनिफोल्ड काढताना घाई करू नये. गंजलेला नट जोराने फिरवला की स्टड तुटतो, आणि तुटलेला स्टड हेडमधून काढणे हे अक्कलदाढ काढण्यासारखे आहे. तीन दिवस रोज तेल सोडावे. तरी न हलल्यास नट तापवून त्याला मेणबत्ती टेकवावी. वितळलेले मेण आट्यांत शिरते आणि नट सुटतो. बसवताना पितळी नट घालावेत, ते लोखंडी स्टडला गंजाने चिकटत नाहीत. आणि एक महत्त्वाचे : जुन्या पॅकिंगांत तांब्याच्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असते, पाइपाभोवतीची जुनी गुंडाळीही बहुधा त्याचीच. ती सुकी खरवडू नये, त्या धुळीने फुफ्फुसांचे असाध्य रोग होतात. नाकातोंडावर चांगला मास्क लावून, पाण्याने भिजवून, ओली असतानाच काढावी आणि पिशवीत बंद करावी. आमच्या वडिलांच्या काळी हे काम उघड्या हातांनी, फुंकर मारून चाले.

पाइप आणि डब्याचे काम त्या मानाने सोपे, म्हणून फार लांबवीत नाही. पाइप वाकवताना तो चेपू देऊ नये. व्यास ४० मिलिमीटरचा ३६ झाला तर धुराची वाट जवळजवळ एक पंचमांश कमी होते. ‘पाइप बारीक केला की पिकअप वाढतो’ असे सांगणारे भेटतील, त्यांना नमस्कार करावा. वाकवण्याचे यंत्र नसेल तर जुनी रीत अजून चालते : पाइपात वाळू ठासून भरायची, दोन्ही टोकांना लाकडी बुचे मारायची आणि लाल करून वाकवायचा. वाळू मात्र आधी कढईत शेंगदाणे भाजतात तशी भाजून घ्यायला हवी. ओल राहिली तर वाफेने बूच गोळीसारखे उडते. स्टेनलेस स्टीलचा पाइप टिकतो पुष्कळ, पण गाडीचा आवाज थोडा पत्र्यासारखा होतो. मला तो आवडला नाही, मी साधाच घेतला. डबा लटकवायला रबरी पट्ट्या मिळाल्या नाहीत तर जुन्या टायरच्या, आत कापडाचे थर असलेल्या कापून घ्याव्यात. आणि टेलपाइपचे तोंड गाडीच्या मागच्या कडेच्या बाहेर यायलाच हवे. चालत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि आत राहिलेल्या तोंडातला धूर डिकीच्या फटींतून पुन्हा गाडीतच येतो.

कायद्याचेही दोन शब्द. इंग्लंडात ‘व्हिंटेज’ म्हणजे काटेकोरपणे १९१९ ते १९३० मधली गाडी. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला वेगळी नोंदणी ठेवली आहे. तिला वीस हजार रुपये शुल्क आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, म्हणून मी ती नोंदणी घेतलेली नाही. धुराच्या तपासणीत अशा जुन्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. तपासणीत फार चांगला आकडा आला तरी एकदम खूश होऊ नये. सायलेन्सर मध्येच फुटका असला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, धूर पातळ होतो आणि कागदावरचा आकडा खोटाच सुंदर दिसतो. आमच्या गाडीचा त्या वर्षीचा दाखला उत्तम होता.

खरी तपासणी घरीच होते. सकाळी इंजिन थंड असताना जोडांना साबणाचे पाणी लावावे, गाडी मोकळ्या हवेत उभी करून सुरू करावी आणि दुसऱ्या कोणाला टेलपाइपच्या तोंडाशी ओल्या फडक्याची जाड घडी क्षणभर धरायला सांगावी. सायकलच्या पंक्चरसारखे बुडबुडे आले की गळती सापडली. जोडाभोवती काळी काजळी दिसली तरी तोच अर्थ. नवे पॅकिंग तापून-निवून बसते, तेव्हा पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा आवळावेत. पुढच्या पत्र्यातल्या रबरी बुशी नव्या घालाव्यात. त्या सगळ्या मिळून एका सिनेमाच्या तिकिटाइतक्याही महाग पडत नाहीत.

यंदा दत्तजयंतीला पुन्हा वाडीला गेलो. आई मागेच बसली होती. सगळे नवे केले आहे, काच लावली तरी चालेल, असे मी तिला दोनदा सांगितले. तिने काच चार बोटे खाली ठेवली ती ठेवलीच.